इथली छाटणी जानेवारीत: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अंगणातल्या वेलींच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

आज द्राक्षवेल छाटली. नेमकी कधी छाटली ते पुढच्या वर्षी आठवणार नाही, म्हणून ही वही.

वेल परलेट जातीची, बिनबियांची. फेब्रुवारी २०२२ मध्ये उघड्या मुळांचं रोप आणून मागच्या अंगणात पाटोरीच्या भिंतीशी लावलं होतं. पाटोर म्हणजे दगडी फरशांचं छप्पर टाकलेली खोली. लष्करातल्या जुन्या घरांना मागे अशी एखादी असतेच. आमच्या पाटोरीत पूर्वी सरपण असायचं, आता सायकली. अंगण बारा फूट बाय दहा. मांडव लोखंडी अँगलचा, सात फुटांवर, वर जस्ती तारा. वेल्डरला मांडव हवाय म्हटलं तर त्यानं आधी लग्न कुणाचं ते विचारलं.

राजू, माझा मामेभाऊ, निफाडकडे द्राक्षबागाईतदार. दोन आठवडे फोनवर मागे लागला होता. "ताई, एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. हे पंचांगच आहे, चुकवू नकोस." खरड छाटणी नव्या काड्यांसाठी, गोडी छाटणी फळासाठी. त्याच्याकडे वीस वर्षांची बाग, माझ्याकडे दीड वर्षाची एक वेल. ऐकलं. प्रत्येक काडीवर सहा डोळे ठेवून बाकी कापून टाकलं. कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावली. हाताचा निळा रंग दोन दिवस जाणार नाही असं दिसतंय.

२६ ऑक्टोबर २०२३

डोळे फुटले. राजूच्या भाषेत 'पोंगा'. गुलाबीसर कापसातून पान बाहेर यावं तसं दिसतं. नवीन फुटींवर पाच ठिकाणी बारीक घड मोजले. फोटो पाठवला. उत्तर आलं, "झकास. मार्चात खायला येतो."

१७ डिसेंबर २०२३

फुटी हातभर झाल्या आणि थांबल्या. आठ दिवसांत एक पेरही वाढलेलं नाही. घड फुलोऱ्यावर यायला हवे होते, हिरवे मुके बसलेत. सासूबाई म्हणाल्या, "तिला थंडी वाजतेय." मी हसले.

५ जानेवारी २०२४

हसायला नको होतं.

चार दिवस धुकं आणि ऊन नाही. तापमापक पाटोरीच्या भिंतीला टांगलाय. आज सकाळी त्यात साडेतीन अंश होते आणि दुपारी दोन वाजता तेरा. मांडवाच्या पश्चिम कडेची कोवळी पानं रात्रीतून काळी पडली आहेत, उकडलेल्या पालकासारखी लोंबताहेत. भिंतीलगतची तेवढी वाचली. दगड दिवसभर जी काही ऊब घेतो ती रात्री सोडत असणार. शिवाय उघड्यावरचं पान निरभ्र रात्री हवेपेक्षाही थंड होतं, म्हणजे तापमापकातले साडेतीन भिंतीचे, पानाचे नव्हेत. घड हाताला लावले की दाणे झडताहेत. पाचही गेले.

राजूला फोन केला. तो म्हणाला, "पण ताई, निफाडलाही पारा पाचाखाली जातोच की. आम्ही पहाटे शेकोट्या करतो, ठिबक सुरू करतो, निभतं."

खरं आहे ते. मग इथे का निभलं नाही?

१४ जानेवारी २०२४

नणंदेकडे मुरारला, म्हणजे ग्वाल्हेरच्याच दुसऱ्या भागात, तिळगूळ द्यायला गेलो होतो. (लाडू दोन मला, चार यांना. बहिणीकडे भावाचे लाड जास्त.) तिच्याकडे दाराशी जुनी द्राक्षवेल आहे. तिला कुणी कात्री लावत नाही, खत घालत नाही. ती वेल पार निष्पर्ण, वाळक्या दोरखंडासारखी जाळीवर पडलेली. मी तिची एक काडी नखानं खरवडली. आत हिरवीगार. आमच्या वेलीच्या नवीन फुटी खरवडल्या तर आत चहासारखा रंग.

तिथे डोक्यात उजेड पडला. नणंदेची वेल डिसेंबरात पानं टाकून झोपली होती. माझी वेल मी ऑक्टोबरात कात्री लावून जागी केली आणि ऐन थंडीत कोवळ्या पानांनिशी उभी केली. द्राक्षवेलीला थंडी सोसत नाही हा आपला समज. झोपलेल्या वेलीचं लाकूड शून्याखाली दहा-बारा अंशही काढू शकतं. सोसत नाही ती जागी वेल.

मग नाशिककडे कसं चालतं? तिकडे वेल आपणहून झोपतच नाही, तेवढी सलग थंडी नाही. म्हणून तिला ऋतू कात्रीनंच सांगावे लागतात, आणि म्हणून वर्षातून दोन छाटण्या. निफाडला पहाट पाच अंशांची असली तरी दुपारी लख्ख ऊन आणि अठ्ठावीस अंश. वेल रात्री गारठते, दिवसा चालायला लागते. ग्वाल्हेरला जानेवारीच्या धुक्यात दिवससुद्धा थंड. दहाच्या खाली वेलीची वाढ थांबते आणि आमच्याकडे काही दिवस चोवीस तासांतले अठरा तास ती दहाखालीच असते. राजूची रात्र थंड, माझा दिवस थंड. फरक एवढाच, पण पंचांग पूर्ण उलटं.

कृषी विद्यापीठातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: उत्तरेत एकच छाटणी, जानेवारीत, झोपेत. फळ मे-जूनमध्ये. ऑक्टोबर विसरा.

२८ जानेवारी २०२४

ग्वाल्हेरच्या मेळ्यात गेलो. १९०५ पासून भरणारा हा मेळा, आणि माझ्या लहानपणापासून आमचं वेळापत्रक तेच: आधी झुले, मग पापड, शेवटी रोपं. यंदा झुले वगळले.

दोन रोपं आणली. एक जांभळ्या पॅशन फ्रूटचं. हे कृष्णकमळाच्याच घरातलं, फूल पाहून कुणालाही कळेल. दुसरं किवीचं. रोपवाल्यानं सांगितलं, "माताजी, ठंड इसको बहुत पसंद है, आपके यहाँ खूब चलेगा." साडेतीनशे रुपये. आत्ताच सगळी थंडी भोगून बसलेल्या माणसाला हे वाक्य किती गोड लागतं ते त्याला बरोबर ठाऊक होतं.

घरी आल्यावर वाचलं. किवीत नर आणि मादी वेली वेगळ्या. बागेत साधारण आठ माद्यांना एक नर लावतात. माझ्या कुंडीत जे आहे ते काय आहे हे त्या रोपवाल्यालाही माहीत नव्हतं.

१८ फेब्रुवारी २०२४

वेल पुन्हा छाटली. उशीर झाला. काळ्या पडलेल्या फुटींतून काही येतंय का याची वाट बघत बसले, तोवर मुळं जागी झाली. सकाळी कापलं आणि दुपारी बघते तर प्रत्येक कापलेल्या टोकाला एक थेंब. थेंब फुगतो, लोंबतो, पडतो, आणि तो पडायच्या आत मागे दुसरा तयार. रंग नाही, वास नाही, जिभेला लावला तर जवळजवळ पाणीच. एका जाड काडीखाली वाटी ठेवली, संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरली.

"रडतेय बिचारी," सासूबाई म्हणाल्या. राजूही रडणंच म्हणतो त्याला. नुकसान फारसं नाही, आठवड्याभरात आपोआप थांबतं म्हणाला. पण ही कात्री महिनाभर आधी चालायला हवी होती याची ती पावती आहे, आणि ती मी वहीत लावून ठेवतेय.

९ मार्च २०२४

पोंगा. यावेळी हवा बरोबर आहे. घड एकच, तोही बोटभर. काडीच्या ज्या डोळ्यांत फळ होतं ते ऑक्टोबरातच फुटून थंडीत संपले. पुढच्या वर्षीचं फळ या उन्हाळ्यात नवीन काड्यांच्या डोळ्यांत ठरणार, म्हणून यंदा वेलीला फक्त ऊन, शेणखत आणि पाणी. फुटींची गर्दी झाली की आतल्या डोळ्यांना ऊन मिळत नाही, म्हणून बगलफुटी काढायच्या. नळ दिवसाआड येतो, त्या दिवशी वेलीला दोन बादल्या, धुण्याच्या आधी. यावर घरात एकमत नाही.

२२ मे २०२४

किवी गेली.

दहा दिवसांपूर्वी पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळायला लागल्या, भाजलेल्या पापडासारख्या. हिरवं कापड बांधलं, दोन वेळा पाणी दिलं, कुंडी पाटोरीत नेली. अंगणात दुपारी ४६ अंश आणि लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा. पाणी मुळापर्यंत पोचायच्या आत पान वाळत होतं. आज खोड खरवडलं, आत कोरडं.

किवी हिमाचल आणि अरुणाचलच्या डोंगरांत होते. तिला हिवाळ्यात सात अंशांच्या खालचे शेकडो तास लागतात, तेवढे आमच्याकडे मोजून भरणारही नाहीत, पण ती त्यानं मेली नाही. ती उन्हाळ्यानं मेली. 'थंडीतली वेल' म्हणून विकताना उन्हाळ्याचं कुणी बोलत नाही. याच्या उलट बंगळुरूकडचं ते काळं बेंगलोर ब्लू द्राक्ष. त्यात अमेरिकेतल्या बर्फाळ भागातल्या जातीचं रक्त आहे, आणि पिकतं कुठे, तर जिथे स्वेटरही कपाटातून निघत नाही तिथे. थंडी सोसणं आणि थंडी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी.

परलेटला मात्र लूचं काही नाही. पानं दुपारी मान टाकतात, संध्याकाळी उचलतात.

कुंडी रिकामी केली. माती पॅशन फ्रूटला.

७ जुलै २०२४

पहिल्या पावसानंतर पानांना भोकं. दिवसभर शोधलं, एक किडा नाही. रात्री साडेनऊला टॉर्च घेऊन गेले तर प्रत्येक पानावर तपकिरी भुंगेरे, दोन-दोन, तीन-तीन, कुरतडण्याचा आवाजसुद्धा येत होता. हुमणीचे भुंगेरे. मांडवाखाली बल्ब लावला, खाली परातीत पाणी आणि थोडं रॉकेल. पहिल्या रात्री एकशे चाळीस मोजले. नातवानं मोजले, त्यामुळे आकडा वीसेक इकडे-तिकडे.

१८ ऑगस्ट २०२४

करपा. कोवळ्या पानांवर बारीक ठिपके, मध्ये राखाडी, भोवती काळसर कडा. ठिपक्याचा मधला भाग गळून भोक पडतं. पावसाळ्यात हा येणारच असं सगळे सांगत होते.

एक टक्क्याचं बोर्डो घरी केलं: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत, लोखंडी बादली अजिबात नको. मोरचूद रात्री फडक्यात बांधून पाण्यात लटकवून ठेवला, सकाळी विरघळलेला. चुना विझवून, गाळून घेतला. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतायचं. आकाशी निळं मिश्रण होतं, इतकं सुंदर की फवारायचं जिवावर येतं. आता परीक्षा: घासून चकचकीत केलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवायचं. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, पान जाळेल, चुना वाढवा. माझ्या पहिल्या खेपेला पातं तांबूस झालं. दोन चमचे चुन्याचं पाणी आणखी, पुन्हा पातं. स्वच्छ. मग फवारलं. उरलेलं टाकून दिलं, दुसऱ्या दिवशी ते कामाचं नाही.

पातं स्वयंपाकघरातल्या जुन्या विळीचं होतं हे कुणाला सांगितलेलं नाही.

२० ऑक्टोबर २०२४

राजूचा फोन, "छाटली का?"
"नाही."
"ताई, पुन्हा पश्चात्ताप होईल."
"जानेवारीत बोलू."

आज वेलीला काही केलं नाही. तीच आजची नोंद.

२९ डिसेंबर २०२४

पानं पिवळी होऊन गळताहेत, रोज सकाळी अंगणात एक केरसुणीभर. पाणी जवळजवळ बंद. पॅशन फ्रूट मात्र हिरवंच, झोपायची अक्कल त्याला नाही, म्हणून त्याला रात्री गोणपाट.

१२ जानेवारी २०२५

छाटणी. सकाळी अकरापर्यंत धुकं, नंतर कोवळं ऊन. हे काम तीन तास चाललं आणि मी एकटीनं केलं. यांनी शिडी धरली आणि सूचना केल्या, त्या धरल्या नाहीत.

खोड मांडवापर्यंत सरळ आहे, वर दोन ओलांडे, म्हणजे आडव्या जाड फांद्या, तारेवर विरुद्ध दिशांना गेलेत. त्यांवर मागच्या उन्हाळ्याच्या काड्या. कोणती ठेवायची? पेन्सिलीच्या जाडीची, गोल, तपकिरी, पेरं जवळजवळ असलेली. अंगठ्याएवढी जाड माजलेली काढायची, ती पानंच देते. चपटी, पांढुरकी, सावलीत वाढलेलीही काढायची. परलेटला खालच्या डोळ्यांत फळ असतं, त्यामुळे प्रत्येक काडीवर चारच डोळे ठेवले. थॉमसन जातीची असती तर दहा-बारा ठेवावे लागले असते. काप डोळ्याच्या अर्धा इंच वर, तिरका, उतार डोळ्याच्या उलट बाजूला. एकूण बावीस काड्या राहिल्या. म्हणजे अठ्ठ्याऐंशी डोळे. एवढं कापल्यावर मांडव इतका रिकामा दिसायला लागला की सासूबाईंनी खिडकीतून विचारलं, "संपली का गं?"

एकाही टोकाला थेंब नाही. कोरडी, शांत. बोर्डो पेस्ट लावली.

पॅशन फ्रूटचं मागच्या आठवड्यात गोणपाट एक रात्र विसरलं. वरचा अर्धा वेल काळा. बुंधा हिरवा आहे, फुटेल.

६ मार्च २०२५

पोंगा. सगळ्या मांडवावर एकदम.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा. घड मोजले: एकेचाळीस. चौथ्या वर्षाच्या वेलीला हे फार. सतरा काढून टाकले, चोवीस ठेवले. काढताना प्रत्येकाला क्षमा मागितली.

राजूला फोटो. खूप वेळ उत्तर नाही. मग आलं, "घड एकदम बोलके आहेत. जीए मारणार का?" जीए म्हणजे मणी मोठे करायचं जिबरेलिक आम्ल. नाही म्हटलं. घरी खायची आहेत, निर्यात नाही.

१३ एप्रिल २०२५

परलेटचा घड मुठीसारखा घट्ट असतो. तसाच ठेवला तर आतले मणी चेपून फुटतात आणि तिथून कुज सुरू होते. म्हणून मणी ज्वारीएवढे असतानाच विरळणी. बारीक कात्रीनं घडाची एकाआड एक पाकळी, म्हणजे घडातली छोटी फांदी, काढली, शेपटाकडचा इंचभर भाग छाटला. पहिल्या घडाला वीस मिनिटं लागली, चोविसाव्याला चार. मान मोडली.

दोन पानांवर भुरी, पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी. पाण्यात विरघळणारं गंधक, दहा लिटरला वीस ग्रॅम, सकाळी सहाला. पस्तीस अंशांच्या वर गंधकच पान भाजतं आणि आमच्याकडे ते दहा वाजताच होतं.

२१ मे २०२५

संध्याकाळी आंधी. शेजारच्या गच्चीवरचा पत्रा आमच्या मांडवावर येऊन पडला. तीन घड गेले, एक तार तुटली. पत्रा परत केला, चहा झाला.

मणी मऊ व्हायला लागलेत. बुलबुलांना हे माझ्या आधी कळलं. जुनी मच्छरदाणी उसवून मांडवाखालून ताणली. माकडांचं काय करायचं ते ठरलेलं नाही.

१ जून २०२५

राजूनं त्याचा जुना ब्रिक्समीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, कुरिअरनं पाठवलाय. मण्याचा एक थेंब काचेवर, उजेडाकडे धरून बघायचं. १४. अजून आंबट. पाणी बंद केलं, नाहीतर साखर पातळ होते आणि मणी तडकतात. इथली खरी शर्यत आता आहे: साखर चढायच्या आत पाऊस यायला नको. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, आंब्यासारखं पेंढ्यात घालून चालत नाही. म्हणून उत्तरेत लवकर पिकणारी परलेट लावतात. कॅलिफोर्नियात १९४६ मध्ये प्रसृत झालेली जात, ग्वाल्हेरच्या मान्सूनशी तिचं इतकं जुळेल हे तिच्या कर्त्याच्या गावीही नसेल.

८ जून २०२५

१७. तोडणी.

वीस घड तोडले, एक माकडानं आधीच. वजनकाट्यावर पाच किलो आठशे ग्रॅम. मणी लहान, हिरवट पिवळे, उन्हाकडे धरले की आतली शीर दिसते. साल करकरीत. थोडी आंबट आहेत, मला आवडली. सासूबाईंनी पहिला मणी देवापुढे ठेवला आणि दुसरा लगेच खाल्ला.

बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला होता, इथली लाल कण्हेर आवडली म्हणून आग्र्याच्या बागेत घेऊन गेला. त्याच आग्र्याच्या बागेत त्यानं लावलेल्या वेलींना चांगली द्राक्षं लागली, तेव्हा हिंदुस्थानातही हे होतं याचा त्याला फार आनंद झाला होता. आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरही नाही. काबूलच्या माणसाला पटलं ते निफाडच्या माणसाला पटायला दोन वर्षं लागली.

राजूला डबाभर पाठवायची होती, पण कुरिअरनं पोचेपर्यंत वाइन होईल. त्याची बाग एप्रिलातच रिकामी झाली. "जूनमध्ये झाडावरचं द्राक्ष मी जन्मात खाल्लं नाही," म्हणाला. पुढच्या वर्षी पहिल्या आठवड्यात येतोय. सोबत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आणू नकोस म्हणून सांगितलंय.

पॅशन फ्रूट बुंध्यातून फुटून मांडवाच्या पायाला लागलंय. किवीच्या रिकाम्या कुंडीत जानेवारीत पूसा नवरंगची काडी लावायची. दिल्लीच्या पूसा संस्थेची जात, रसही लाल असतो आणि करप्याला दाद देत नाही म्हणतात. मच्छरदाणी धुवून पाटोरीत ठेवली. बल्ब आणि परात बाहेर काढून ठेवली, भुंगेरे येतीलच.